अय्यूब सरांवर उगवलेला सूड

सूड घ्यायलाही अंगात काहीतरी लागतं. चिकाटी लागते, थंड डोकं लागतं आणि मुख्य म्हणजे समोरच्या माणसानं थोडी साथ द्यावी लागते. माझ्याकडे पहिल्या दोन गोष्टी नव्हत्या आणि अय्यूब सरांनी तिसरी कधी दिली नाही. तरीही मी त्यांच्यावर सूड उगवला. तो इतका पुरेपूर उगवला की त्याचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. सर गेल्या थंडीत भोपाळला, मुलीच्या घरी वारले. आता हे सांगायला हरकत नाही. तसंही बुऱ्हाणपुरात मी काही सांगितलं तर लोक निम्मंच खरं धरतात, आणि त्यालाही सरच जबाबदार आहेत.

लालबागेतल्या आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे, मी इतिहास. उंच, काटकुळे, पांढरी दाढी मुठीत मावेल एवढी, पायजमा घोट्याच्या वर. सदऱ्याच्या एकाच खिशात खडू आणि मिसवाक, म्हणजे दात घासायची काडी. एकदा बोलण्याच्या नादात ते फळ्यावर मिसवाकनंच त्रिकोण काढायला लागले. पोरं हसली. सर वळून म्हणाले, "हसू नका. याने दात निघतात साफ, प्रमेय नाही निघत." त्यांची आई रावेरकडची, म्हणून मराठी यायची, पण ती आमच्या बुऱ्हाणपुरी वळणाची, अर्ध्या वाक्यात हिंदीच्या गल्लीत शिरणारी.

माणूस शिस्तीचा, पण ती शिस्त शाळेची नव्हती. वर्गात आधी उजवा पाय. चप्पल घालताना आधी उजवी, काढताना आधी डावी. पाणी बसून प्यायचं, उजव्या हातानं, तीन श्वासांत. मी एकदा चावटपणानं विचारलं, "सर, एवढं सगळं लक्षात ठेवता, मग नमाजला वेळ उरतो का?"

"नमाज, रोजा, जकात हे तर फर्ज आहे, महाजनभाई. या झाल्या घराच्या भिंती," ते म्हणाले. "आणि पैगंबरसाहेब कसे उठायचे, कसे बसायचे, शेजाऱ्याशी कसे वागायचे, ती सुन्नत. म्हणजे त्या घरात राहायचं कसं."

"आणि नाही पाळली तर?"

"भिंती उभ्या राहतात. पण घर बंद पडलेलं दिसतं."

इथवर माझं त्यांच्याशी काही वाकडं नव्हतं. वाकडं झालं ते एका बुधवारी, मधल्या सुट्टीत.

त्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत शिरलो तोच बातमी घेऊन. संस्थेची एक शाखा लांब आडगावी, खकनारला आहे, आणि आमच्यातल्या दोघांना तिकडे पाठवणार, अशी पक्की खबर होती. मी दार लोटून घेतलं, आवाज खाली आणला. चित्रकलेच्या बाईंचा डबा तसाच उघडा राहिला. एक जण म्हणाला, माझ्या आईचं डायलिसिस चालू आहे. खोलीत असं काही भय पसरलं की मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. इतिहासाच्या मास्तराकडे कोणी एवढ्या लक्षानं बघत नाही.

कोपऱ्यातून अय्यूब सरांनी विचारलं, "कोणापासून ऐकलं?"

"दशरथपासून." दशरथ म्हणजे आमचा शिपाई.

सरांनी दशरथला बोलावलं. "तू कोणापासून ऐकलं?" त्यानं पाठकबाबूंचं नाव घेतलं, म्हणजे आमचे क्लार्क. पाठकबाबू म्हणाले, गेटवरच्या चहावाल्यानं सांगितलं. दशरथ जाऊन चहावाल्याला किटलीसकट घेऊन आला. चहावाला सगळ्यांकडे बघून गोंधळला, मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ये महाजन सर ही तो बोल रहे थे सोमवार को. कि ऐसे ही चला तो दो जन को खकनार भेज देंगे."

मी बोललो होतो. चहा पाणचट होता म्हणून काहीतरी चटकदार बोललो होतो. तीन दिवसांत माझीच थाप गावभर हिंडून, अंगावर धूळ चढवून, पक्की खबर होऊन माझ्याकडे परत आली होती आणि मी तिला ओळखलं नव्हतं.

सरांनी तेवढ्यावर सोडायला हवं होतं. पण ते उठले, फळ्यापाशी गेले, आणि खडूनं नावं लिहून बाण काढले. महाजन, चहावाला, पाठक, दशरथ, महाजन. "गणितात याला वर्तुळ म्हणतात," ते म्हणाले. "हदीस आमच्याकडे अशीच येते. पैगंबरसाहेब काय बोलले, काय वागले, हे अमुक माणसाने तमुकला सांगितलं, त्याने पुढच्याला. सांगणारा तो रावी. शेकडो वर्षं लोक एकच पाहत बसले, की रावी कसा आहे. खरा आहे का, भुलक्कड आहे का, त्याने खरंच त्याच्यापासून ऐकलं का. एक रावी कच्चा निघाला तर हदीस कच्ची." मग माझ्याकडे बघून हसले. "आणि हे आमचे महाजनभाई. दोन्ही टोकांना हेच रावी."

खोली हसून फुटली. ज्याच्या आईचं डायलिसिस चालू होतं तो सगळ्यात जास्त हसला. त्या दिवसापासून मी रावी सर. आठवडाभरात पोरांपर्यंत पोचलं. पुढे एका लग्नात परक्या माणसानं माझी ओळख करून घेताना विचारलं, "आपण राजस्थानकडचे का? रावी आडनाव इकडे ऐकलं नाही."

मी बुधवारा मोहल्ल्यातल्या घरी बायकोला, सुलभाला म्हणालो, "याचा सूड घेणार."

ती भाजी निवडत होती. "घ्या," म्हणाली. "येताना कोथिंबीरही घ्या."

पहिला प्रयत्न पाण्याचा. सर उभ्यानं पाणी पीत नाहीत ना, तर एका सकाळी लवकर जाऊन मी माठाजवळच्या सगळ्या खुर्च्या आणि लाकडी बाक एकट्यानं ओढत दुसऱ्या खोलीत नेले. सर आले, पेला भरला, इकडेतिकडे पाहिलं, आणि जमिनीवर उकिडवे बसून तीन श्वासांत पाणी प्याले. माझी मात्र कंबर धरली ती पंधरा दिवस. तिसऱ्या दिवशी सर घरी हजर, हातात दराब्याचा डबा. रवा, तूप, साखर इतकी फेसलेली की जिभेवर ठेवताच नाहीशी. "आजाऱ्याला पाहायला जाणं सुन्नत आहे," ते म्हणाले. मी कण्हत होतो, त्यात अर्धं कण्हणं रागाचं होतं. पाच मिनिटांत ते उठले. सुलभा म्हणाली, "बसा ना सर." तर म्हणाले, "आजाऱ्याकडे जास्त बसू नये वहिनी, तीही सुन्नत आहे." म्हणजे माणसाला कंटाळा आणण्याचा दोषसुद्धा मला त्यांच्यावर ठेवता येईना.

दुसरा प्रयत्न रमजानमधला. हा सांगायची लाज वाटते, पण थांबलो तर पुढचं कळणार नाही. दुपारी दोन वाजता, ऐन उन्हाळ्यात, मी मावा जिलबी मागवली आणि सरांच्या अगदी समोर बसून खायला घेतली. काळीभोर, पाक गळणारी, कढईतून नुकती निघालेली. सरांनी वहीतून डोकं वर काढलं. "गरम आहे?"

"हो ना," मी म्हणालो आणि फुंकर मारली.

"फुंकू नका. आपोआप थंड होऊ द्या, मग खा."

माझ्या भल्याचं सांगताहेत म्हटल्यावर मी ते ऐकणं शक्यच नव्हतं. अख्खी तोंडात टाकली. जीभ सोलवटून निघाली. त्याच संध्याकाळी सरांनी सगळ्या शिक्षकांना इफ्तारला बोलावलं होतं. त्यांच्या घरची खिचडी आणि कबाब गावात नावाजलेले. सगळे बोटं चाटत होते आणि मी कलिंगडाची फोड जिभेवर धरून बसलो होतो. सर वाढताना मला हळूच म्हणाले, "महाजनभाई, तुमचाही आज रोजाच झाला."

एकदा मैदानात गाय शिरली. ती बाहेर काढायची म्हणून मी रिकामी पिशवी हलवत "ये, ये" करत तिला फाटकापर्यंत नेली आणि फाटक लावून घेतलं. मला वाटलं, चला, आज काहीतरी धड जमलं. सर व्हरांड्यातून बघत होते. ते गेटबाहेर गेले, हातगाडीवरून चार केळी घेतली आणि गाईपुढे धरली. मला म्हणाले, "एक आलिम, म्हणजे मोठा विद्वान, दुरून एका माणसाकडे हदीस घ्यायला गेला. तो माणूस आपल्या जनावराला रिकामी ओंजळ दाखवून बोलावत होता. आलिम दारातूनच मागे फिरला. जो जनावराला फसवतो त्याची गोष्ट कशी खरी मानायची?"

"मी हदीस सांगत नव्हतो सर. गाय हाकत होतो."

"तेच तर," ते म्हणाले. "कोणी पाहत नाही तेव्हाचाच रावी खरा."

असं तीन वर्षं चाललं. माझा राग मी लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता. मग हेडसर निवृत्त व्हायचे दिवस आले. ज्येष्ठतेनं पुढचा नंबर अय्यूब सरांचा होता. सरांना ते पद हवं होतं. ते काही विरक्त माणूस नव्हते. प्रयोगशाळेला नळ आणायचा, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह बांधायचं, याचे नकाशे त्यांनी आलेखाच्या कागदावर काढून ठेवले होते. दाखवायचे सगळ्यांना. मलाही दाखवले.

आणि मी एक निनावी पत्र लिहिलं. संस्थेच्या कमिटीला. डाव्या हातानं.

त्यात लिहिलं की दर शुक्रवारी अय्यूब सर जुम्याच्या नमाजला मशिदीत जातात, मधली सुट्टी संपून वीस-वीस मिनिटं झाली तरी येत नाहीत, दहावीच्या मुलांचं नुकसान होतं, आणि असा माणूस शाळेच्या प्रमुखपदी शोभेल काय. ते उशिरा येतात हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मुलांचं नुकसान होतं हे मी कोणापासून ऐकलं, असं त्या वेळी मला कोणी विचारायला हवं होतं.

मला वाटलं होतं, फार तर समज देतील. पण कमिटीतल्या काहींना असं पत्र हवंच होतं. ते मी लिहिलं नसतं तर त्यांना स्वतः लिहावं लागलं असतं. मी त्यांचे कष्ट वाचवले. सगळ्या शिक्षकांसमोर सचिवांनी ते वाचून दाखवलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

सर उभे राहिले. "शुक्रवारी मला वीस मिनिटं उशीर होतो, हे खरं आहे. मी त्या दिवशी सकाळी चाळीस मिनिटं आधी येऊन तो वर्ग घेतो. आठ वर्षांपासून."

"रजिस्टरमध्ये नोंद आहे?"

"नाही. शाळा भरण्याआधीचं रजिस्टर नसतं."

"मग मुलांना बोलावू. साक्ष देतील."

"नको," सर म्हणाले. "पोरांना मास्तरच्या भांडणात नका उभं करू."

सचिवांनी खांदे उडवले. मग दयाळूपणानं म्हणाले, "हे कोणी लिहिलं ते शोधायचं असेल तर शोधू. शाळेतलाच कोणी असणार."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. या माणसानं चहावाल्याला किटलीसकट आणवलं होतं. सर म्हणाले, "राहू द्या. दुसऱ्याचा ऐब झाकावा असं आम्हाला सांगितलं आहे. आणि नाव कळलं तर उद्या त्याच्याबरोबर चहा कसा पिणार?"

पद गेलं. ते सरांहून सहा वर्षं ज्युनियर असलेल्या चौबे सरांना मिळालं. चौबे सरांनी आल्या आल्या पहिलं फर्मान काढलं: शुक्रवारी अय्यूब सर परत येईपर्यंत त्यांच्या वर्गावर महाजन सरांनी बसावं. म्हणजे माझ्या सुडाची वीस मिनिटं दर आठवड्याला माझ्याच पदरात. पहिल्या शुक्रवारी मी दहावीच्या वर्गात गेलो आणि म्हणालो, चला, गणिताची पुस्तकं काढा. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, हमारा तो हो गया. अय्यूब सर ने सुबह ही ले लिया." फळ्याच्या कोपऱ्यात सकाळचं उदाहरण अजून पुसायचं राहिलं होतं. त्या वर्गात मी दर शुक्रवारी वीस मिनिटं काहीही न करता बसत असे. सर यायचे, उजवा पाय आत टाकायचे आणि म्हणायचे, "शुक्रिया महाजनभाई. माझ्यामुळे तुम्हाला तकलीफ."

हे पाच वर्षं. मग सर निवृत्त झाले, साधे शिक्षक म्हणून. नकाशे घरी घेऊन गेले.

त्यानंतर वर्षभरानं, एका गुरुवारी दुपारी ते आमच्या बुधवाऱ्यातल्या घरी आले. हजला निघाले होते. हजला जाणारा माणूस निघण्याआधी ओळखीच्या प्रत्येकाकडे जातो आणि कहासुना माफ करून घेतो. कोणाचं मन दुखावलेलं मागे ठेवून तिकडे जायचं नाही, अशी रीत. सरांच्या हातात लांबलचक यादी होती, नावांवर काट मारलेली. माझं नाव शेवटून तिसरं.

सुलभानं चहा दिला. सर म्हणाले, "महाजनभाई, कळत-नकळत तुमचं मन दुखावलं असेल तर माफ करा. माझ्या जिभेला कधी कधी मजा येते. तुमच्यावर फार वेळा आली."

आता मी "जाऊ द्या सर, केलं माफ" म्हणायचं आणि तो माणूस हलका होऊन यादीवर काट मारून जायचा. एवढं सोपं होतं. पण त्यांनी माझी माफी मागावी हे मला पेलेना. मी विचार न करता बोलून मोकळा झालो, "सर, ते पत्र मी लिहिलं होतं."

सरांनी कप खाली ठेवला. त्यांनी मला मिठी मारावी, निदान "मला ठाऊक होतं" म्हणावं, असं काहीतरी माझ्या मनात असणार. त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा माझ्यासमोर बदलत गेला, आणि मी त्यांना पहिल्यांदाच रागावलेलं पाहिलं.

"आयुष्यभर लोकांना विचारत आलो, कोणापासून ऐकलं," ते हळू म्हणाले. "ते एकदाच नाही विचारलं. जाणूनबुजून नाही विचारलं. आणि तुम्ही मला न विचारता सांगितलं. आज. रविवारी माझी गाडी आहे."

तेव्हा मला कळलं की मी काय केलं. मन साफ करायला निघालेल्या माणसाच्या मनात मी शेवटच्या क्षणी राग भरून ठेवला होता. आधीचे सूड फसले होते, नाहीतर माझ्यावरच उलटले होते. हा बरोबर लागला, आणि तो घ्यायचं माझ्या मनातही नव्हतं.

"सर, माफ करा," मी म्हणालो.

"नाही," सर म्हणाले. सुलभा दारात थबकली. "आम्हाला तीन दिवस रुसायची इजाजत आहे. तीन दिवसांहून जास्त बोलणं तोडणं जायज नाही."

"ते तुमच्या भावाबंदांसाठी असेल."

"भाऊ कोणाला म्हणायचं ते मी ठरवतो. मी तो शब्द मोठा धरतो." त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "चार वाजून दहा. आजवर कोणावर एक दिवसही नाही खर्च केला. तुमच्यावर पुरे तीन करणार." चप्पल घालताना ते थांबले. "आणि तीन दिवसांनंतर दोघांत जो आधी सलाम करेल तो चांगला, असंही आहे. हे उगाच सांगितलं."

माझ्या नावावर काट न मारताच ते गेले.

रविवारी मी स्टेशनवर गेलो. फलाटावर ही गर्दी, हारांचे ढीग, सर मानेपर्यंत झेंडूत बुडालेले. जुने विद्यार्थी, शेजारी, चौबे सरसुद्धा आलेले. सगळे गळ्यात पडत होते, मक्केत आमच्यासाठी दुवा करा म्हणत होते. मी ढकलत ढकलत डब्याच्या दारापाशी पोचलो आणि हात पुढे केला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"अजून पन्नास मिनिटं आहेत," ते म्हणाले.

गाडी सुटली. ते दारात उभे राहिले, सगळ्यांना हात करत, आणि माझ्यावरून नजर अशी काळजीपूर्वक फिरवून नेत की मी कुठे उभा आहे हे त्यांना अचूक माहीत असल्याशिवाय ते जमलंच नसतं. हजहून ते परस्पर भोपाळला मुलीकडे गेले. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

घरी येऊन मी भिंतीवरच्या घड्याळासमोर फोन घेऊन बसलो. निदान पहिला सलाम तरी माझा असणार होता. एवढ्या वर्षांत त्यांना कशात तरी हरवायचंच होतं. चार वाजून दहा होताच बटण दाबलं. फोन व्यस्त. कापला, परत लावला. व्यस्त. तिसऱ्यांदाही तेच. मी चिडलो. "बघ," मी सुलभाला म्हणालो, "मुदत संपली त्याच मिनिटाला दुसऱ्या कोणाशी गप्पा मारताहेत."

"अहो," ती म्हणाली, "ते तुम्हालाच लावत असतील. ठेवा खाली जरा."

मी फोनकडे पाहत राहिलो. मग तो टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला.

वाजला.

"अस्सलामु अलैकुम," सर म्हणाले. मागे भुसावळच्या फलाटावरचा गलका होता. "आता तुम्ही काही बोला."

मी "सर, ते..." म्हणून तीनदा सुरुवात केली.

"सावकाश," सर म्हणाले. "गाडी इथं दहा मिनिटं थांबते."